धावून रात्र होत नाही

ऐरोलीहून एका शिक्षिकेचे पत्र आले आहे. त्या एका बालवाडीत मोठ्या शिशुवर्गाला शिकवतात. वर्गात पाच ते सहा वर्षांची २८ मुले आहेत, शिकवायला एक खोली आणि तिच्याबाहेर एक अरुंद व्हरांडा आहे, आणि शेजारच्या सोसायटीच्या बागेत आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास जाण्याची परवानगी मिळालेली आहे. त्या लिहितात:

"नाचत-खेळत विज्ञान शिकवा, असे आम्हाला प्रशिक्षणात सांगितले होते. मी सूर्यमालेचा खेळ बसवला. एका मुलीला सूर्याचा मुखवटा घालून मध्ये उभे केले, बाकीच्यांनी तिच्याभोवती गोल धावायचे आणि मी डफ वाजवला की 'रात्र झाली' म्हणत खाली बसायचे. मुले खूप रमली. दुसऱ्या दिवशी एका मुलाची आई सांगू लागली की तो घरी म्हणतो, 'मी सूर्याभोवती पळालो, दमलो, पडलो, मग रात्र झाली.' ती हसत होती, पण मला रात्रभर झोप लागली नाही. मी चुकीचे शिकवले का? दुसरे असे की पालक विचारतात, वहीत काहीच कसे नाही, दिवसभर नुसता दंगा चालतो का? वर्गात एक मुलगी अशीही आहे की ती कोणत्याच खेळात येत नाही, भिंतीला टेकून बघत राहते. आणि खरे सांगायचे तर मी कला शाखेची आहे, माझा विज्ञानाशी संबंध दहावीला संपला. मी हे करावे की सोडून द्यावे?"

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातले सर्वांत मोलाचे वाक्य त्या मुलाचे आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करते. त्याचे काहीही चुकलेले नाही. तुमच्या खेळात जे घडले तेच त्याने आईला जसेच्या तसे सांगितले: आधी धावणे, मग डफ, मग बसणे, आणि बसण्याचे नाव रात्र. पाच वर्षांचे मूल आपण बोललेल्या शब्दांपेक्षा स्वतःच्या अंगाने केलेल्या गोष्टीवर अधिक विश्वास ठेवते. हीच तर या पद्धतीची ताकद आहे, आणि म्हणूनच अंगाने करायची गोष्ट बरोबर असावी लागते. पृथ्वीला सूर्याभोवती एक फेरी पूर्ण करायला ३६५ दिवस आणि सुमारे सहा तास लागतात. दिवस आणि रात्र होतात त्या तिच्या स्वतःभोवतीच्या गिरकीमुळे. तुमच्या खेळात फेरी होती, पण गिरकी नव्हती. एवढेच दुरुस्त करायचे आहे, आणि त्यासाठी खेळ सोडून देण्याचे कारण नाही.

दुरुस्तीचा खेळ असा करा. खोलीच्या खिडक्यांना जाड चादरी लावून थोडा अंधार करा आणि मुलांच्या तोंडाच्या उंचीवर एक टेबल-लॅम्प ठेवा. एका मुलाच्या नाकावर टिकली लावा आणि सांगा, ही टिकली म्हणजे आपली ऐरोली. मुलाने जागचे हलायचे नाही. त्याचे तोंड दिव्याकडे असते तेव्हा टिकलीवर उजेड असतो, म्हणजे ऐरोलीत भरदुपार. आता त्याने आपल्या डाव्या हाताच्या बाजूला, अगदी हळू, जागच्या जागी वळायचे. दिवा उजव्या बाजूला सरकत जातो, मग डोळ्यांच्या कडेला जाऊन दिसेनासा होतो. पाठ दिव्याकडे झाली की ऐरोलीत रात्र. तसेच वळत राहिले की दिवा पुन्हा डाव्या बाजूने डोळ्यांच्या कडेला उगवतो. वळण्याची दिशा मात्र चुकवू नका, कारण पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते आणि डावीकडे वळले तरच सूर्य योग्य बाजूने उगवतो. भोवती बसलेल्या मुलांना काम द्या: टिकली उजळली की त्यांनी "सकाळ" म्हणायचे, अंधारली की "रात्र". एका वेळी चार-पाच जणांनाच वळण मिळाले तरी चालेल. उरलेली दुसऱ्या दिवशी. हा खेळ सलग आठवडाभर केला तरी मुलांना त्याचा कंटाळा येत नाही, असा माझा अनुभव आहे.

मात्र एक गोष्ट मी तुम्हाला स्पष्टच सांगते. त्या मुलाने प्रश्न उभा केला म्हणून हा खेळ जरूर करा, पण शिशुवर्गात सूर्यमाला मुद्दाम शिकवायला घेऊ नका. आपण अवकाशात फिरणाऱ्या एका गोलावर उभे आहोत ही कल्पना मुलाच्या अनुभवात कुठेच बसत नाही. त्याला तर जमीन स्थिर दिसते आणि सूर्य सरकताना दिसतो. आधी ते सरकणे त्याला नीट पाहू द्या. त्यासाठी खडूचा एक तुकडा आणि त्याची स्वतःची सावली पुरेशी आहे. सकाळी साडेआठला बागेतल्या किंवा गच्चीवरच्या उघड्या फरशीवर एका मुलाला उभे करा, त्याच्या पावलांभोवती खडूने रेघ ओढा आणि दुसऱ्या दोघांकडून सावलीची कड गिरवून घ्या. डिसेंबरात त्या वेळी सावली मुलाच्या उंचीच्या तिपटीहूनही लांब असते. त्याच पावलांच्या खुणांत त्याच मुलाला साडेबाराच्या सुमारास पुन्हा उभे करा. सावली आता जवळजवळ त्याच्या उंचीएवढी आखूड झालेली असते आणि तिची दिशाही बदललेली असते. सकाळच्या खडूच्या आकृतीत झोपून पाहणारी, सावलीच्या डोक्यावर पाय ठेवायला धावणारी, दुसऱ्याच्या सावलीत आपली सावली लपवणारी मुले तुम्हाला दिसतील. ते सारे होऊ द्या, तोच धडा आहे. सूर्याकडे थेट पाहायचे नाही, हे मात्र पुन्हा पुन्हा बजावत राहा.

सावलीचा विषय निघालाच आहे, तर पालकांना सांगण्यासारखी एक गोष्ट आहे. आपल्या ठाणे-नवी मुंबईच्या पट्ट्यात वर्षातून दोन दिवस सूर्य भरदुपारी अगदी डोक्यावर येतो: एकदा मे महिन्याच्या मध्यावर आणि एकदा जुलैच्या अखेरीस. जुलैत बहुधा ढग असतात, मेमध्ये शाळेला सुटी असते. म्हणून सुटीत घरच्यांनी मुलाला गच्चीवर नेऊन १५ मेच्या आसपास दुपारी साडेबारा ते पाऊणच्या दरम्यान एक सरळ उभी बाटली ठेवून तिची सावली कुठे गेली ते पाहायला सांगा. डिसेंबरात पावलांपासून लांब पसरलेली स्वतःची सावली ज्याने खडूने गिरवली आहे, त्या मुलाला ही गायब झालेली सावली विसरणे शक्य नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येते, की कोणता खेळ घ्यावा आणि कोणता घेऊ नये. तुम्ही विज्ञान दहावीला सोडलेत म्हणता, त्यामुळे एक सोपी कसोटी देते, तिला पदवी लागत नाही. खेळातली हालचाल काढून टाकली, तर शिकण्यासारखे काही उरते का, हे स्वतःला विचारा. पावसाचे गाणे म्हणत बोटे हलवायची, ढग होऊन हात पसरायचे, हे गोड आहे, भाषेसाठी आणि तालासाठी उत्तमही आहे, पण बोटे हलवली नाहीत तरी पावसाबद्दल जे कळायचे ते तेवढेच कळते. तिथे हालचाल ही विज्ञानावर चढवलेला साज आहे. याउलट फुगडीत हालचाल काढली तर काहीच उरत नाही, कारण तिथे हालचाल हाच प्रयोग आहे.

फुगडी तुमच्या वर्गातल्या निम्म्या मुलींना येत असेल. मुलग्यांनाही घालू द्या. दोघांनी पाय जवळ आणायचे, हातांची अढी घालून घट्ट धरायचे, मागे रेलायचे आणि आधी हळूहळू फिरायचे. थांबवा आणि विचारा, "हात कुठे ओढल्यासारखे वाटले?" मुले खांदे दाखवतील, मनगटे दाखवतील. मग थोड्या वेगाने फिरू द्या आणि पुन्हा विचारा, "आता हात जास्त ताणले की कमी?" फिरण्याचा वेग वाढला की एकमेकांना आत ओढून धरण्यासाठी लागणारा जोर वाढतो, हे मुलांच्या मनगटांना कळते, आणि त्या वयात एवढे पुरे. त्याला काय म्हणतात ते पुढे आठवी-नववीत कोणीतरी सांगेल. फुगडी थांबल्यावर मात्र घाई करू नका, कारण खरी गंमत तेव्हा सुरू होते. मुले डोलत उभी राहतात आणि ओरडतात, "बाई, वर्ग फिरतोय!" त्याच क्षणी एक काचेचा पेला पुढे आणा, त्यात पाणी आणि कोथिंबिरीची चार-दोन पाने असू द्या. पेला गोल गोल फिरवा आणि एकदम थांबवा. पेला थांबतो, पण पाणी आणि पाने फिरतच राहतात. आपल्या कानाच्या आत खोलवर अशाच बारीक वळणदार नळ्या आहेत, त्यांत पाण्यासारखा द्रव आहे, आणि आपण थांबलो तरी तो लगेच थांबत नाही, म्हणून डोक्याला वाटते की आपण अजून फिरतोच आहोत. हे तुम्ही दोन वाक्यांत सांगा आणि गप्प बसा. कान धरून पुन्हा एकदा गिरकी घेऊन पाहणारे कोणीतरी निघतेच. फक्त फरशी ओली नसावी, पायांत मोजे नसावेत आणि एका वेळी दोनच जोड्या असाव्यात.

तुम्हाला बागेत आठवड्यातून दोनदा अर्धा तास मिळतो, ही थोडी सवलत नव्हे. बागेतली खेळणी म्हणजे मुलांच्या मापाची प्रयोगशाळाच. शेजारी-शेजारी दोन झोके असतील आणि त्यांच्या साखळ्या सारख्या लांबीच्या असतील, तर एका झोक्यावर एका मुलाला नुसते बसवा आणि दुसऱ्यावरच्या मुलाच्या मांडीवर पाण्याच्या चार भरलेल्या बाटल्यांची पिशवी ठेवा. कोण आधी परत येईल, हे सर्वांना आधी सांगू द्या. बहुतेक मुले एकतर "जड आधी येईल" म्हणतील किंवा "जड हळू येईल" म्हणतील. मग दोघांना सारख्याच अंतरावर, फार नव्हे, थोडेसेच मागे ओढा आणि एकदम सोडा. दोघे सोबत जातात आणि सोबत येतात, कारण झोक्याला एका खेपेला लागणारा वेळ साखळीच्या लांबीवर ठरतो, बसणाऱ्याच्या वजनावर नाही. दोन मीटर लांबीच्या झोक्याला जाऊन परत यायला साधारण पावणेतीन ते तीन सेकंद लागतात. पिशवी मुद्दाम सुचवली आहे. अंगाने जाड आणि बारीक अशी दोन मुले शेजारी बसवून हा प्रयोग कधीही करू नका. झोक्याचे विज्ञान मुले विसरतील, पण सगळ्यांसमोर आपल्याला जाड म्हणून निवडले हे मूल विसरत नाही.

घसरगुंडीवर एकदा नुसते आणि एकदा गोणपाटावर बसून घसरू द्या. कोण लवकर खाली आले हे मुलेच सांगतील. घसरगुंडी प्लास्टिकची असेल, तर जानेवारीच्या कोरड्या हवेत खाली येणाऱ्या मुलांचे केस कधी कधी ताठ उभे राहतात, आणि पावसाळ्यात, हवेत दमटपणा असताना, ते होत नाही. हे लक्षात आणून दिले तरी पुष्कळ झाले.

तुमच्याकडे जागा कमी आहे, हे खरे. तुमच्या त्या व्हरांड्याला भिंत आहे ना? मग काही कमी नाही. मुलाला भिंतीला उजवी बाजू लावून उभे करा: उजवे पाऊल, उजवा खांदा आणि उजवा गाल भिंतीला चिकटलेला. आता सांगा, डावा पाय उचल. पाय उचलला जात नाही. मूल दातओठ खाऊन प्रयत्न करते, हसते, पुन्हा प्रयत्न करते, आणि पाय काही उचलला जात नाही. भिंतीपासून दोन पावले बाजूला आणले की तोच पाय सहज उचलतो. काय घडते ते तुमच्यासाठी सांगते: एक पाय उचलायचा तर शरीराचे वजन आधी दुसऱ्या पावलावर यावे लागते, त्यासाठी अंग त्या बाजूला थोडे सरकावे लागते, आणि भिंत नेमके तेवढेच सरकू देत नाही. लंगडी घालताना अंग आपोआप उभ्या पायाकडे कलते, ते का, याचे उत्तर या भिंतीत आहे. म्हणून हा खेळ झाला की लगेच लंगडी घ्या आणि विचारा, "लंगडीत अंग कुठे जाते?" दुसरा प्रकार असा: दोन्ही टाचा आणि पाठ भिंतीला लावून उभे राहायचे आणि गुडघे न वाकवता समोर ठेवलेला खडू उचलायचा. कोणालाही जमत नाही, तुम्हालाही जमणार नाही, कारण पुढे वाकताना आपला मागचा भाग मागे जावा लागतो आणि भिंत तो जाऊ देत नाही. समोर सतरंजी अंथरा आणि एका हाताने मुलाला सावरत राहा.

त्या भिंतीला टेकून बघणाऱ्या मुलीचा विचार मी मुद्दाम इथे करते आहे. तिला "ये, ये, खेळायला ये" म्हणून ओढू नका. काही मुलांना गलक्यात धावणे नकोसे वाटते, काहींना पडण्याची भीती असते, काहींना आधी सगळे पाहून घ्यायचे असते, आणि पाहणारे मूल शिकत नाही असे समजणे चुकीचे आहे. भिंतीचा खेळ तिच्या जागेवरच होतो. ती जिथे टेकून उभी असते तिथेच जाऊन, इतरांना न बोलावता, तुम्ही स्वतः भिंतीला बाजू लावून उभ्या राहा आणि पाय उचलण्याचा प्रयत्न करा. तिने तुम्हाला फसलेले पाहू द्या. ती स्वतः करून पाहील, असा माझा अंदाज आहे; नाही केले, तरी पाहणाऱ्याचे काम तिला द्या: "कोणाचा पाय उचलला, हे तू मला सांगायचेस." काही आठवडे फक्त सांगण्यात गेले तरी जाऊ द्यावेत. ते वाट पाहणेही आपल्या कामात येते.

मूल प्राणी किंवा झाड होऊन खेळते, त्या खेळांबद्दल माझे एक आग्रहाचे सांगणे आहे, आणि ते मी स्वतः चुकून शिकले आहे. ठाण्यातल्या एका प्राथमिक शाळेत मी अनेक वर्षे मुलांना 'बी' करायला लावत असे. सगळी मुले गुडघ्यांत डोके घालून बसत, मी पाण्याचा शिडकावा केल्याचा आविर्भाव करी, आणि मुले हात वर करत हळूहळू उभी राहत. दिसायला फार सुंदर दिसे. एके दिवशी एका मुलीने डब्यातली मोड आलेली मटकी तळहातावर आणून मला दाखवली आणि म्हणाली, "बाई, हिचा तर पाय आधी आलाय." ती बरोबर होती. बीमधून आधी बाहेर येते ते मूळ, मटकीचे ते पांढरे शेपूट. पाने नंतर येतात. इतकी वर्षे मी मुलांकडून आधी हात वर करून घेत होते आणि घरोघरी ओट्यावर फडक्यात बांधलेली मटकी मला खोटे ठरवत होती. त्या दिवसापासून क्रम बदलला. आदल्या दिवशी भिजवलेली मटकी सकाळी वर्गात आणायची, प्रत्येकाच्या हातावर चार दाणे, दुसऱ्या दिवशी मोड, तिसऱ्या दिवशी शेपूट केवढे झाले ते बोटाशी मोजायचे, आणि त्यानंतरच बी व्हायचे. मग मुले गुडघ्यांत डोके घालून बसतात आणि सर्वांत आधी एक पाय हळूच पुढे सरकवतात. आधी खरी वस्तू, मग अंग, मग शब्द, हा क्रम तुम्ही कधीही उलटू देऊ नका.

ऐरोलीत राहून तुम्हाला एक भाग्य लाभले आहे, ते म्हणजे खाडी. ठाणे खाडीचा भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ साली त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत, ओहोटीला चिखल उघडा पडला की रोहित पक्ष्यांचे, म्हणजेच फ्लेमिंगोंचे, थवे तिथे चरताना दिसतात, आणि तुमच्या बहुतेक मुलांनी ते कुठून तरी पाहिलेले असणार. वर्गाला घेऊन जाणे जमले तर वनविभागाच्या खाडीकाठच्या जैवविविधता केंद्रात न्या. न जमले तर घरच्यांनी काढलेली मोबाईलवरची चित्रफीत चालेल. त्यात मुलांना फक्त पाय पाहायला सांगा. सगळे म्हणतील, "त्याचा गुडघा उलटा वाकतो." मग त्यांना चवड्यांवर उभे करा, टाचा उचललेल्या, आणि तसेच चालायला लावा. आता त्यांच्याच पायाकडे बोट दाखवून विचारा, "तुझी टाच कुठे आहे?" ती जमिनीपासून वर आहे. रोहित पक्षी आयुष्यभर असाच बोटांवर चालतो. त्याच्या लांब पायाच्या मध्यावर जो उलटा वाकलेला सांधा दिसतो तो गुडघा नसून घोटा आहे, आणि खरा गुडघा वर पिसांच्या आत लपलेला असतो. तो खातो तेव्हा डोके उलटे करून चोच पाण्यात घालतो, हेही दाखवा आणि मुलांना वाकून दोन पायांमधून मागे पाहू द्या. चवड्यांवर चालणारी, मध्येच डोके खाली घालणारी २८ मुले तुमच्या व्हरांड्यात मावतील, कारण या पक्ष्याला घाई नसते आणि तो पावले सावकाश टाकतो.

मोठ्या वर्गांसाठी सांगितले जाणारे कणांचे नाच, म्हणजे मुलांनी घट्ट उभे राहून स्थायू व्हायचे, सुटे होऊन द्रव, पळून वायू, हे तुम्ही घेऊ नका. जे डोळ्यांनी दिसत नाही आणि हाताला लागत नाही, त्याचे रूप घेऊन नाचायला पाच वर्षांचे मूल तयार नसते; ते फक्त नाचते.

तुमच्या विज्ञानाच्या धास्तीबद्दल एवढेच सांगते की या वयात शिक्षिकेला उत्तरे माहीत असण्यापेक्षा तिला थांबता येणे अधिक गरजेचे आहे. "आता काय होईल असे वाटते?" असे विचारल्यावर मनातल्या मनात दहा आकडे मोजा, तोपर्यंत बोलू नका. कोणी काहीही सांगितले तरी "बरोबर" किंवा "चूक" म्हणू नका, "चला, करून बघू" म्हणा. जे तुम्हाला येत नाही ते मुलांसमोर "मला माहीत नाही, आपण शोधू" असे म्हणण्यात कमीपणा नाही, फक्त ते दुसऱ्या दिवशी खरोखर शोधून आणा. गुरुत्वाकर्षण, घर्षण, अपकेंद्री असले शब्द फळ्यावर लिहू नका. मुलांनी स्वतः दिलेली नावे वापरा. कोणी फुगडीतल्या त्या ताणाला "ओढू" म्हटले तर वर्षभर तो "ओढू"च राहू द्या.

पालकांच्या प्रश्नाने तुम्ही दुखावलेल्या दिसता, पण त्यांचा प्रश्न वाईट हेतूचा नाही. त्यांना मूल मागे पडेल याची भीती वाटते आणि वही ही त्यांना दिसणारी एकमेव खूण असते. ती खूण त्यांना द्या, पण खेळाच्या नंतर. प्रत्येक खेळ झाल्यावर मुलाने एक चित्र काढायचे आणि तो जे बोलेल ते एक वाक्य तुम्ही त्याच्याच शब्दांत चित्राखाली लिहायचे, तारखेसह. "माझी सावली सकाळी लांब होती, जेवायच्या आधी बुटकी झाली" हे वाक्य पाच वर्षांच्या मुलाच्या वहीत वाचले की कोणते आईवडील तक्रार करतील? शिवाय पालकसभेत भाषण करू नका. दोन-तीन वडिलांना पुढे बोलावून भिंतीला बाजू लावून पाय उचलायला सांगा. आणि घरचा अभ्यास म्हणून ठाणे-वाशी लोकलचा प्रवास द्या. मुलाला खिडकीशी बसवून, थोडी हवा ठेवून बंद केलेली पारदर्शक पाण्याची बाटली त्याच्या मांडीवर, गाडीच्या दिशेने आडवी धरायला सांगायची. गाडी सुटते तेव्हा सगळी माणसे मागे झुकतात आणि बाटलीतला हवेचा बुडबुडा मात्र पुढे पळतो. गाडी ऐरोलीला थांबू लागते तेव्हा माणसे पुढे आणि बुडबुडा मागे. असे होते कारण जड पाणी मागे राहते आणि हलक्या बुडबुड्याला पुढे ढकलते. हे पाहिलेला बाप दुसऱ्या दिवशी वहीबद्दल विचारत नाही, बुडबुड्याबद्दल विचारतो.

कोणी अधिकृत आधार मागितला तर तोही आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत स्तर मानला, आणि त्या स्तरासाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात खेळाला मध्यवर्ती स्थान आहे. पण आपल्याला दिल्लीपर्यंत जाण्याचीही गरज नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या, आणि पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आज तो भाग पालघर जिल्ह्यात असला, तरी २०१४ पर्यंत तो आपल्या ठाणे जिल्ह्यातच होता. शाळेत न येणाऱ्या आदिवासी मुलांसाठी त्यांनी शाळा मुलांच्या अंगणात नेली, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात नेली, आणि बिया, पाने, खडे, शिंपले यांनाच शिकण्याचे साहित्य केले. तुमच्यापाशी एक व्हरांडा आहे, मटकी आहे, खडू आहे आणि खाडी आहे.

येत्या सोमवारी दिव्याचा खेळ घ्या आणि पहिली टिकली त्याच मुलाच्या नाकावर लावा. खेळ आठवडाभर झाल्यावर त्याला एकदा बाजूला घेऊन सहज विचारा, "काय रे, रात्र कशी होते?" तो जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत वहीत लिहा आणि मलाही कळवा. अजूनही तो "दमल्यावर" म्हणाला, तर खचून जाऊ नका. त्याला गच्चीवर न्या आणि सावलीपासून सुरुवात करा.